पडताळणी हेही संशोधनच

नव्या शोधाची बातमी येते तेव्हा काय सापडले हे पहिल्याच वाक्यात असते. ते खरे कशावरून, हे असलेच तर शेवटच्या परिच्छेदात असते. हा दोष केवळ बातमीदारीचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था, नेमणुका करणारी विद्यापीठे आणि निबंध छापणारी नियतकालिके यांचीही घडण तीच आहे. नवे काही सांगणाऱ्याच्या वाट्याला पद, निधी आणि नाव येते. सांगितलेले तपासून पाहणाऱ्याच्या वाट्याला फारसे काही येत नाही. माझे म्हणणे असे आहे की गेल्या दोन-तीन दशकांत खगोलशास्त्रापासून गणितापर्यंत आणि प्रथिनांच्या रचनेपासून औषधांच्या चाचण्यांपर्यंत ज्या पद्धतींनी मोठा पालट घडवला, त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी तपासण्याचीच नवी रीत आहे. आणि तसे असेल तर सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनात पडताळणीला स्वतंत्र दर्जा आणि ठरलेला वाटा मिळालाच पाहिजे.

गुरुत्वीय लहरींचे, म्हणजे अवकाशालाच किंचित ताणत-आकसत जाणाऱ्या तरंगांचे, उदाहरण आधी घेतो, कारण त्यात ही रीत अगदी जवळून पाहता येते. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन येथे, एकमेकांपासून सुमारे ३,००० किलोमीटरवर, लायगोची दोन यंत्रे आहेत. प्रत्येकाच्या दोन भुजा चार-चार किलोमीटर लांबीच्या, आणि लहर येऊन गेली तर त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा. इतक्या सूक्ष्म मोजमापात आपण स्वतःचीच फसवणूक करून घेऊ शकतो, हे ओळखून त्या गटाने एक व्यवस्था केली होती. मोजक्या काही लोकांना असा अधिकार दिला होता की त्यांनी इतर कोणालाही न सांगता आरसे किंचित हलवून यंत्रात खोटा संकेत घालावा. १६ सप्टेंबर २०१० रोजी एक ठळक संकेत नोंदला गेला. तो बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने आल्यासारखा दिसत होता. पुढचे सहा महिने त्याचे विश्लेषण चालले. यंत्रातील बिघाडाच्या शक्यता एकेक करून वगळल्या गेल्या, शोधनिबंधाचा मसुदा शब्दाशब्दावर वाद घालून पक्का झाला, आणि मार्च २०११ मध्ये सर्वांच्या बैठकीत, त्यांच्याच भाषेत सांगायचे तर, 'पाकीट उघडले' गेले. संकेत आतूनच घातलेला होता.

सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असे यावर कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. त्या सहा महिन्यांत त्या गटाला कळले की खरी लहर आली तर आपली यंत्रणा ती ओळखू शकते, आणि कोणकोणत्या शंकांना उत्तर द्यावे लागेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी खरोखरची लहर आली, सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळल्याची, तेव्हा सर्वांच्या तोंडी पहिला प्रश्न होता की हा संकेत कोणी घातलेला तर नाही ना. नाही असे पक्के झाल्यावरही जाहीर करायला त्यांनी जवळजवळ पाच महिने घेतले. जगाने तो शोध इतक्या लवकर स्वीकारला, त्यामागे ही तालीम होती.

कृष्णविवराच्या पहिल्या चित्रामागेही अशीच शिस्त दिसते. एप्रिल २०१७ मध्ये जगभरच्या रेडिओ दुर्बिणींनी एकाच वेळी एम-८७ या दीर्घिकेच्या केंद्राचे निरीक्षण केले. अशा विखुरलेल्या नोंदींतून चित्र तयार करताना मधल्या रिकाम्या जागा भराव्या लागतात, आणि भरणारा आपल्या मनातले चित्रच तिथे भरू शकतो. म्हणून चार गट केले गेले आणि त्यांना एकमेकांशी बोलायला मनाई केली गेली. चारही चित्रे शेजारी शेजारी ठेवली तेव्हा प्रत्येकात तेजस्वी कडे होते. १० एप्रिल २०१९ रोजी लोकांनी जे पाहिले त्याचा भरवसा त्या मनाईत आहे.

याउलट काय होते तेही पाहू. सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगाने सांगितले की सर्न या युरोपीय प्रयोगशाळेपासून इटलीतील ग्रान सासोपर्यंतचे सुमारे ७३० किलोमीटरचे अंतर न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांनी प्रकाशाला लागला असता त्याहून ६० नॅनोसेकंद कमी वेळात कापले. बातमी जगभर गाजली. काही महिन्यांनी उलगडा झाला: वेळेची नोंद नेणाऱ्या प्रकाशतंतूची एक जोडणी नीट घट्ट बसलेली नव्हती. त्याच भूमिगत प्रयोगशाळेतील इकारस या दुसऱ्या प्रयोगाने स्वतंत्रपणे मोजमाप केले आणि न्यूट्रिनो प्रकाशाहून वेगवान नाहीत हे दाखवले. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ या प्रयोगाने विश्वाच्या आरंभीच्या अतिवेगवान प्रसरणाची खूण सापडल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी प्लांक उपग्रहाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतील धुळीचा निघाला.

या दोन प्रसंगांवरून लोक नेहमी एक निष्कर्ष काढतात: विज्ञान आपल्या चुका आपोआप सुधारते, चिंता करण्याचे कारण नाही. त्यातला 'आपोआप' हा शब्द मला घातक वाटतो. इकारस तिथे होता, कारण कोणीतरी त्याच्यावर आधीच पैसा खर्च केला होता. प्लांक अवकाशात होता, कारण तो दुसऱ्या संस्थेने दुसऱ्या कामासाठी पाठवला होता. ऑपेराच्या लोकांनी आपला आकडा चुकीचा असू शकतो हे गृहीत धरून इतरांना तपासायला बोलावले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे. दुसरे यंत्र, दुसरा गट आणि प्रामाणिकपणा या तिन्हींतले एक जरी नसते तरी ती चूक किती वर्षे टिकली असती हे सांगता येत नाही. आणि बहुसंख्य शोधांच्या बाबतीत दुसरे यंत्र नसते, दुसरा गट नसतो.

कर्करोगाच्या संशोधनाकडे वळू. महत्त्वाच्या मानल्या गेलेल्या ५३ निबंधांतील १९३ प्रयोग पुन्हा करून पाहण्याचा प्रकल्प एका गटाने हाती घेतला आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना २३ निबंधांतले ५० प्रयोगच पूर्ण करता आले. प्रयोग चुकीचे निघाले म्हणून नव्हे; प्रयोग कसा करायचा हेच निबंधातून कळत नव्हते. १९३ पैकी एकाही प्रयोगाचे वर्णन असे नव्हते की मूळ लेखकांना काही न विचारता तो पुन्हा करता यावा, आणि सुमारे एक तृतीयांश प्रयोगांच्या बाबतीत मूळ लेखकांनी मदत केली नाही किंवा उत्तरच दिले नाही. जे प्रयोग पूर्ण झाले त्यांत दिसलेला परिणाम मूळ परिणामाच्या तुलनेत मध्यकाने ८५ टक्के लहान होता. त्याआधी २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले होते. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय परिणाम सांगितला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांत मिळाला.

हे आकडे वाचून संशोधक लबाड आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. लबाडी असते, पण ती थोडी. खरी अडचण अशी की एकाच माहितीतून अनेक प्रश्न विचारता येतात, त्यातल्या एखाद्याचे उत्तर योगायोगानेही होकारार्थी येते, आणि जे होकारार्थी तेवढेच छापले जाते. यावर औषधशास्त्राने शोधलेला उपाय विलक्षण साधा आहे. चाचणी सुरू करण्यापूर्वीच आपण नेमके काय मोजणार आणि कशाला यश म्हणणार, हे सार्वजनिक नोंदवहीत लिहून ठेवायचे. अमेरिकेतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांवरील सरकारी निधीच्या मोठ्या चाचण्या दोन अभ्यासकांनी तपासल्या. सन २००० पूर्वी छापल्या गेलेल्या ३० चाचण्यांपैकी १७ मध्ये उपचार गुणकारी ठरला होता; नोंदणीची पद्धत आल्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये. या घसरणीला इतरही कारणे असू शकतात, कारण जुने उपचार सुधारले की नव्याला जास्तीचा फायदा दाखवणे अवघड होते. तरीही ५७ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर येणे हा फरक डोळ्यांआड करण्याजोगा नाही. ही पद्धत यंत्र मागत नाही, फार पैसाही मागत नाही. आधी लिहून ठेवण्याची शिस्त तेवढी मागते, आणि तिने रुग्णांना न लागणाऱ्या औषधांपासून वाचवले असेल तर कोणत्याही नव्या रेणूइतकीच ती मोलाची आहे.

गणितात अशी अडचण नसावी, असे बाहेरच्या माणसाला वाटते. सिद्धता दिली की काम संपले. प्रत्यक्षात आल्फ्रेड केम्प यांनी १८७९ मध्ये चार रंगांच्या प्रमेयाची (कोणताही नकाशा, लगतच्या प्रदेशांना वेगळा रंग देत, चार रंगांत रंगवता येतो) दिलेली सिद्धता ११ वर्षे सर्वांनी खरी मानली, आणि १८९० मध्ये पर्सी हीवुड यांनी तिच्यातली चूक दाखवली. आपल्या काळातले उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. व्लादिमिर व्होएवोद्स्की हे फील्ड्स पदकाचे, म्हणजे गणितातील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या सन्मानाचे, २००२ चे मानकरी. त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या सिद्धतेला १९९८ मध्ये एका गणितज्ञाने प्रत्युदाहरण दिले. सिद्धतेत नेमकी कुठे चूक आहे ते मात्र कोणाला दिसत नव्हते. ती सिद्धता खरोखर चुकलेली आहे अशी व्होएवोद्स्कींची खात्री पटायला २०१३ साल उजाडले. या अनुभवांनीच ते संगणकाकडून सिद्धता तपासून घेण्याच्या कामाकडे वळले आणि पुढे त्याचे मोठे पुरस्कर्ते झाले.

हे काम कसे चालते ते थोडे सांगितले पाहिजे. लीन किंवा कॉक यांसारख्या प्रणालीत गणितज्ञ आपली सिद्धता अशा भाषेत लिहितो की प्रत्येक पायरी मागच्या पायऱ्यांवरून तर्काच्या मूळ नियमांनी निघते की नाही, हे यंत्र पाहू शकते. 'हे स्पष्टच आहे' असे म्हणून पुढे जाता येत नाही. जी पायरी अजून भरलेली नाही तिथे लीनमध्ये 'सॉरी' हा शब्द लिहितात. यंत्र ती तात्पुरती मान्य करते, पण इशारा देत राहते. मोठ्या प्रकल्पात असे कितीतरी 'सॉरी' निरनिराळ्या देशांतले लोक वाटून घेतात, एकेक भरून काढतात, आणि शेवटचा 'सॉरी' गेला की प्रमेय सिद्ध झाले. दुसऱ्याने लिहिलेला भाग बरोबर आहे का, हे वाचत बसावे लागत नाही. त्यामुळे एकमेकांना कधी न भेटलेली माणसेही एकाच सिद्धतेवर भरवशाने काम करू शकतात, आणि माझ्या मते गणिताच्या सामाजिक घडणीत या शतकात झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे.

केप्लरने १६११ मध्ये मांडलेली अटकळ, म्हणजे सारख्या आकाराचे गोळे फळविक्रेत्याच्या राशीसारखे रचण्यापेक्षा दाट रचता येत नाहीत, थॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये सिद्ध केली. सिद्धतेत संगणकाने केलेले प्रचंड हिशेब होते. बारा परीक्षकांनी काही वर्षे खपून आपण ९९ टक्के निश्चिंत असल्याचे कळवले. उरलेला एक टक्का आपल्या आवाक्याबाहेर आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले. हेल्स यांनी त्या एका टक्क्यासाठी २००३ मध्ये नवा प्रकल्प सुरू केला आणि तो ऑगस्ट २०१४ मध्ये संपला. अकरा वर्षांनंतर हाती आले तेच प्रमेय, जे आधीच छापले गेले होते. नेहमीच्या मोजपट्टीने पाहिले तर नवे काहीच नाही. मला मात्र वाटते की १९९८ मध्ये हेल्स यांच्याकडे भक्कम दावा होता आणि २०१४ मध्ये ज्ञान झाले.

शिवाय तपासणी म्हणजे केवळ शिक्का मारणे, हाही गैरसमज आहे. डिसेंबर २०२० मध्ये पेटर शोल्त्से यांनी आपल्या एका प्रमेयाबद्दल जाहीरपणे लिहिले की हे बहुधा माझे सर्वांत महत्त्वाचे काम ठरेल, पण सिद्धता पूर्ण बरोबर आहे की नाही याची मला खात्री नाही, कोणीतरी ती यंत्राकडून तपासावी. योहान कोमेलिन यांच्या नेतृत्वाखालील गटाने सहा महिन्यांत तिचा सर्वांत नाजूक भाग आणि जुलै २०२२ मध्ये उरलेली सगळी सिद्धता तपासून पूर्ण केली. सिद्धता बरोबर निघाली. पण वाटेत तिच्यातले एक जड साधन वापरण्याची गरजच नाही हे लक्षात आले, आणि सिद्धता नेमकी कशाच्या बळावर चालते हे आपल्याला या प्रक्रियेतून समजले, असे शोल्त्से यांनी स्वतः नमूद केले. ज्याने प्रमेय शोधले त्यालाच तपासणीतून त्याचे मर्म कळले असेल, तर त्या तपासणीला दुय्यम काम कसे म्हणायचे?

यंत्राच्या तपासणीलाही मर्यादा आहे, हे मी नाकारत नाही. जे विधान लिहिले ते सिद्ध झाले एवढेच यंत्र सांगते. आपल्याला जे म्हणायचे होते तेच त्या विधानात उतरले आहे का, व्याख्या योग्य आहेत का, हे माणसालाच वाचून ठरवावे लागते. प्रयोगशास्त्रांत तर एवढाही आधार नाही. एखादा तारा पुन्हा स्फोट पावत नाही, एखादी साथ पुन्हा त्याच परिस्थितीत येत नाही. तिथे तपासणी म्हणजे मूळ नोंदी खुल्या असणे, त्यांवरचे हिशेब दुसऱ्याला करता येणे आणि वेगळ्या पद्धतीने तेच उत्तर मिळते का ते पाहणे.

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे हा प्रश्न आता पुढे ढकलता येणार नाही असा झाला आहे. प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या अल्फाफोल्ड या प्रणालीचे यश सर्वांना माहीत आहे. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांच्याबरोबर ते घडवणाऱ्या डेमिस हॅसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. पण त्या यशावर विश्वास का बसला? १९९४ पासून दर दोन वर्षांनी 'कॅस्प' नावाची एक परीक्षा भरते. ज्या प्रथिनांची रचना प्रयोगाने नुकतीच ठरली आहे पण प्रसिद्ध झालेली नाही, त्यांची रचना ओळखायला सांगतात आणि मगच उत्तर उघड करतात. २०२० च्या परीक्षेत अल्फाफोल्डच्या उत्तरांचा मध्यक १०० पैकी ९२ हून अधिक गुणांचा आला, तेव्हा वाद उरला नाही. त्याला शिकायला लागलेली माहितीही १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झालेल्या आणि तेव्हापासून काटेकोरपणे जपलेल्या सार्वजनिक भांडारातून आली. पन्नास वर्षे जे लोक निमूटपणे रचना तपासून भांडारात ठेवत होते, त्यांच्या पायावर ही इमारत उभी आहे.

जिथे असा पाया नाही तिथे काय होते याचे उदाहरण २०२३ मध्येच मिळाले. एका स्वयंचलित प्रयोगशाळेने १७ दिवसांत ५८ पैकी ४१ नवे पदार्थ तयार केल्याचे जाहीर केले. इतर रसायनशास्त्रज्ञांनी त्याच क्ष-किरण नोंदी पुन्हा तपासून त्यांत नवा म्हणण्याजोगा पदार्थ आढळत नसल्याचे दाखवले. यंत्राने १७ दिवसांत केलेले दावे माणसांनी हाताने तपासले. दावा करण्याचा खर्च झपाट्याने उतरत आहे आणि तो तपासण्याचा खर्च, गणितातील काही भाग सोडला तर, होता तिथेच आहे. ही दरी वाढत गेली तर नियतकालिके भरून वाहतील आणि त्यांतले कशावर विसंबावे हे कोणालाच सांगता येणार नाही.

पडताळणीवर पैसा घातला तर नव्या कल्पनांचा कमी पडेल, असा आक्षेप घेतला जातो. चुकीच्या निष्कर्षावर पुढची दहा कामे उभी राहतात, तोही पैसाच असतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. बुद्धिमान माणसांना हे काम रुक्ष वाटते, हा दुसरा आक्षेप. त्याला २०२४ मध्ये उत्तर मिळाले. पाच अवस्थांचे एक साधे काल्पनिक संगणकयंत्र थांबण्यापूर्वी जास्तीत जास्त किती पावले चालू शकते, या प्रश्नाचे संभाव्य उत्तर, ४,७१,७६,८७० पावले, १९८९ पासून ठाऊक होते. ते अखेरचे आहे हे सिद्ध करण्यासाठी राहिलेली प्रत्येक शक्यता निकालात काढायची होती, आणि ते काम जगभरच्या हौशी लोकांच्या एका गटाने, ज्यांतल्या कित्येकांकडे गणिताची मोठी पदवी नव्हती, कॉकमध्ये पूर्ण केले.

काय करता येईल याचे नमुने समोर आहेत. नेदरलँड्सच्या विज्ञान निधी संस्थेने २०१६ मध्ये केवळ जुने अभ्यास पुन्हा करण्यासाठी ३० लाख युरोंची योजना काढली. काही नियतकालिके २०१३ पासून प्रयोगाचा आराखडा पाहूनच निबंध स्वीकारतात, मग निष्कर्ष होकारार्थी येवो की नकारार्थी. माझा आग्रह याच्या एक पाऊल पुढचा आहे. प्रत्येक सार्वजनिक निधी संस्थेने आपल्या रकमेचा ठरलेला भाग पडताळणीसाठी बाजूला काढावा, एखादा महत्त्वाचा निष्कर्ष काटेकोरपणे पुन्हा तपासणारा प्रबंध डॉक्टरेटसाठी ग्राह्य धरावा, आणि ज्या नियतकालिकाने दावा छापला त्यानेच त्याची फेरतपासणीही छापावी, निकाल काहीही असो. हेल्स यांना अकरा वर्षे देता आली, कारण त्यांची नोकरी कायमची होती आणि नाव आधीच झालेले होते. तीन वर्षांच्या करारावर असलेल्या तरुणाला असे काम हाती घेणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणे आहे, कारण पुढच्या मुलाखतीत त्याला पहिला प्रश्न विचारला जाईल तो 'तुम्ही नवीन काय शोधले?' हाच. त्या मुलाखतीला बसणाऱ्या समित्यांचे नियम सार्वजनिक संस्थाच ठरवतात, आणि 'तुम्ही काय तपासले?' हा प्रश्न त्यांत घालायला नवा कायदा लागत नाही की वेगळा निधीही लागत नाही.